आत्याचे चार अध्यक्ष

आमच्या आत्याने आजवर कुणालाही एकट्याला चहा पाजलेला नाही. तिच्याकडून चहाचं बोलावणं आलं की खुशाल समजावं, ज्या माणसाशी आपण बोलत नाही ते माणूस तिथे आधीच येऊन बसलेलं असणार, आणि मध्ये टीपॉयवर पोह्यांची एकच बशी असणार. चमचे दोन, बशी एक. ‘आज डिश घासायला पडल्यात गं सगळ्या,’ असं ती म्हणते. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडलेली माणसं, पाण्याच्या टाकीवरून भांडलेली माणसं, एकमेकांच्या दारातून कुत्रा नेण्यावरून कोर्टात जायला निघालेली माणसं त्या एका बशीत खाऊन गेली आहेत. मालाडच्या दोन जावा, लग्नाच्या अल्बममध्ये एकीचा अर्धा चेहरा कापला गेला म्हणून सहा वर्षं अबोला धरून होत्या. आत्याने दोघींना वेगवेगळी कारणं सांगून बोलावलं आणि समोर दोन किलो पावटे ओतले. भांडलेल्या माणसांच्या हाताला काम द्यावं, हे तिचं शास्त्र. ‘हात रिकामे असले की माणसं बोट दाखवतात,’ ती मला म्हणाली होती. पहिला अर्धा किलो शांततेत सोलला गेला. मग एक जाऊ म्हणाली, ‘किडके किती निघतात ना यंदा,’ आणि दुसरी म्हणाली, ‘तर काय.’ सहा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं होतं. त्या रात्री पावट्याची उसळ आम्हाला दोन डबे भरून आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलुंडला आमच्याच सोसायटीत, ए विंगमध्ये एकटी राहते. आतोबा साताऱ्याकडचे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत ती पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती, आणि रिटायर झाली ती फक्त कंपनीच्या मते. अजूनही ती फोन उचलते तेव्हा पाठ ताठ होते, आवाज गोड होतो, आणि बोलणारा लांबण लावू लागला की ती ‘होल्ड करा हं’ म्हणून फोन उशीवर ठेवते आणि भाजीला फोडणी देऊन येते. तिची डायरी मी पाहिली आहे. त्यात नावं आडनावांप्रमाणे नाहीत, भांडणांप्रमाणे आहेत. प्रत्येक जोडी समोरासमोर, मध्ये लाल बाण. समेट झाला की बाणावर हिरवी रेघ. मोबाइलवर दोन कॉल एकमेकांना जोडता येतात हे मी तिला शिकवलं, ही माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक. त्यानंतर महिनाभर मुलुंड ते बोरिवलीपर्यंत कुणाचाही फोन सुरक्षित राहिला नाही. बाबा एकदा आरामात आमच्या प्लंबरची निंदा करत होते, आणि तिसऱ्या आवाजात प्लंबर म्हणाला, ‘साहेब, मी ऐकतोय.’ आत्या म्हणाली, ‘बरं झालं. आता दोघं बोला, मी ठेवते.’

मी कमी बोलते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि पाहुण्यांना आई ते आधीच सांगून ठेवते, गॅस लीक असल्यासारखं. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी बरीचशी आत्याच्या फोनवरून शिकले. चारचौघांत मला शब्द सुचतात, पण विषय बदलल्यावर. आत्याला मात्र यात माझा दोष दिसला नाही, उपयोग दिसला. ‘बोलणारी माणसं लिहीत नाहीत,’ ती म्हणाली. ‘तू माझी सेक्रेटरी. आपण चार गावं जोडतोय.’

चार गावं म्हणजे आमचं कोकणातलं गाव आणि त्याची शेजारची तीन. बाबा गावाचं नाव निघालं की टीव्हीचा रिमोट शोधू लागतात, त्यामुळे मला त्या गावाविषयी फारसं माहीत नव्हतं. आत्या मात्र त्या मे महिन्यात कुणाच्या तरी लग्नाला गेली आणि परत आली ती वेगळीच. नेहमी सामान टाकण्याआधी तिचं बोलणं सुरू होतं. त्या दिवशी ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, ‘रस्त्यावरून चालता येत नाही गं. रातांब्यांचा चिखल. पायाला लाल होतं नुसतं. फणस झाडाखाली पडून फुटलेत, माश्या बसल्यात. आणि बायका दारात हातावर हात ठेवून बसल्यात. पोरी विचारतात, आत्या, मुलुंडला काही काम आहे का?’

सरकारची एक योजना होती. फळांवर प्रक्रिया करायचं केंद्र मिळणार होतं. रातांब्यांची आमसुलं, त्यांच्या रसाचं आगळ, फणसपोळी, काजू फोडायची यंत्रं. पण एका गावाचा माल त्याला पुरणार नव्हता. शेजारच्या किमान चार गावांनी मिळून एकच ठराव द्यायचा, एकच समिती नेमायची, आणि तेही महिनाअखेरीच्या आत. नाहीतर ते केंद्र दुसऱ्या तालुक्यात जाणार. कागद अगदी साधा होता. मी तो तीनदा वाचला आणि म्हटलं, ‘चार सह्या तर हव्यात.’

आत्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मग डायरी उघडून दाखवली. चार गावांच्या नावांमध्ये सहा लाल बाण होते. प्रत्येकाचं प्रत्येकाशी.

भांडण शिमग्याचं होतं. काही वर्षांपूर्वी चार गावांच्या पालख्या माळावर भेटल्या तेव्हा कुणाची पालखी आधी खाली टेकायची यावर वाद झाला, आणि कुणाचीच टेकली नाही. खांदे बदलत बदलत दुपार उलटली, आणि शेवटी चारही पालख्या तशाच चार दिशांना निघून गेल्या. तेव्हापासून चार गावांचे पुढारी एका मांडवात बसलेले नाहीत. बैठक ज्या गावात घ्यावी ते गाव जिंकल्यासारखं होई, म्हणून बैठकच होत नसे. यावर आत्याने तोडगा काढला तो असा की बैठक मुलुंडला घ्यायची. ‘इथे कुणाची वेस नाही,’ ती म्हणाली, ‘आणि आपल्या सोसायटीच्या हॉलला पंखे आहेत.’

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. मी समोर बसून टिपणं काढत होते. आमच्या गावचे आबा, वय ऐंशीच्या पुढे, देवळातला पहिला नारळ त्यांचा. नदीपलीकडचे निवृत्त गुरुजी, जे फोनवरही परिच्छेद पाडून बोलतात. डोंगरावरच्या गावचे सरपंच, त्यांचा टेम्पोचा धंदा. आणि खाडीकाठच्या गावच्या सरपंचबाई, ज्या ‘हॅलो’ऐवजी ‘बोला पटकन’ म्हणतात. चौघांनीही आधी नकार दिला. चौघांशी आत्या आतल्या खोलीत जाऊन पुन्हा बोलली आणि चौघंही तयार झाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण आतल्या खोलीत ती सहसा फक्त खोटं बोलायला जाते.

महिन्यातला शेवटचा रविवार ठरला. त्यानंतर दोन दिवसांत ठराव तालुक्याला पोचवायचा होता. हॉल एक वाजेपर्यंतच आमचा. दुपारी बी विंगमधल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं. आम्ही नऊ वाजता दार उघडलं तर डेकोरेशनवाले आदल्या दिवशीच काम उरकून गेले होते. भिंतीभर फुगे, त्यावर पुठ्ठ्याचा मोठा फलक, ‘पेढा की बर्फी?’ आणि त्याच्या बरोबर खाली, मोगऱ्याच्या माळांनी मढवलेली, लाल मखमलीची, सोनेरी हातांची एक भली मोठी खुर्ची. मी आत्याला विचारलं, ‘हिला बाजूला करायची का?’ वॉचमनकाका म्हणाले, खुर्ची मागे फुलांच्या कमानीला बांधली आहे, हलवली तर सगळंच खाली येईल. आत्याने प्लॅस्टिकच्या खुर्च्या तिच्यासमोर गोल मांडल्या आणि म्हणाली, ‘राहू दे. कोण बघतंय तिकडे.’

चौघंही बघत होते. आबा आले, नातवाचा हात धरून, धोतर, काळी टोपी, पिशवीत नारळ. त्यांनी खुर्ची पाहिली आणि मंद हसले. पाठोपाठ गुरुजी आले, हातात टंकलिखित भाषण, नऊ पानं. डोंगरावरचे सरपंच आले ते कडक इस्त्रीत. सरपंचबाई आल्या, आल्याबरोबर म्हणाल्या, ‘खुर्ची जरा जास्तच केलीत हो, पण चालेल.’ मग कुणीतरी विचारलं, अध्यक्ष कोण? आणि चौघांनी एकदम आपापल्या छातीवर हात ठेवला.

मी वहीत ‘अध्यक्ष’ लिहून पुढे दोन टिंबं दिली होती. पेन तिथेच थांबलं.

‘मला हिने सोता सांगितलान,’ आबा म्हणाले, ‘तुमच्या अध्यक्षतेखाली.’

‘मलाही तेच शब्द,’ गुरुजी म्हणाले. ‘मी भाषण लिहून आणलं आहे. त्यात सुरुवातीलाच “अध्यक्षपदावरून बोलताना” असं आहे.’

‘म्हंजे आमी काय हितं फुगे फोडायला आलो?’ डोंगरावरचे सरपंच म्हणाले.

सरपंचबाई आत्याकडे वळल्या. ‘काकू, खरं सांगा. किती जणांना अध्यक्ष केलंत?’

‘चौघांनाच,’ आत्या म्हणाली. हे ती इतक्या नम्रपणे म्हणाली की क्षणभर चार हा आकडा फार वाटेना.

नंतर मी तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, ‘त्याशिवाय आले असते का? आणि मी विचार केला होता, सारख्या चार खुर्च्या मांडू, चौघंही अध्यक्ष. मला काय ठाऊक बी विंगवाले सिंहासन आणतील.’

ते सिंहासन समोर होतं तोवर प्लॅस्टिकवर कुणी बसायला तयार नव्हतं. आणि मखमलीवर एकाने बसायचं म्हटलं तर बाकीचे तिघं दारापर्यंत जात. अध्यक्ष बसले नाहीत म्हणून त्यांच्याबरोबर आलेली माणसंही बसेनात. दहा वाजले, साडेदहा वाजले. ‘पेढा की बर्फी?’ या फलकाखाली चार गावं उभी होती. आत्याने चहा आणला. लोकांनी तो उभ्यानेच घेतला. तिने ‘आधी नाश्ता करू’ म्हटलं. गुरुजी म्हणाले, नाश्त्याचीही सुरुवात अध्यक्षांनीच करायची असते. तिची सगळी शास्त्रं संपली. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच मला तिचे हात रिकामे दिसले. हळूच म्हणाली, ‘गेलं गं. माझ्या हातानं घालवलं.’ तिचा ऑपरेटरचा आवाज त्यात नव्हता. मला ‘होईल नीट’ असं काहीतरी म्हणायचं होतं. मी वहीत तारीख पुन्हा एकदा ठळक केली.

सव्वाअकराला आबांचे गुडघे बोलू लागले. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा इतर तिघांकडे. मग काठी जमिनीवर आपटली आणि आत्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘तू बस गो बाय.’

‘मी?’ आत्या म्हणाली.

‘तूच. तुजा कुटं मान हाय? लगीन हून गेलीस, आमच्या गावकीत तू न्हाईस. नवरा घाटावरचा, तो ह्यांच्यातबी नव्हता. तू बसलीस तर कुणाचंच काय जात न्हाय.’

मला वाटलं, हे किती लागेल असं बोलले. मी आत्याकडे पाहिलं. ती तिच्या जन्मगावाच्या कुठल्याही सभेत आजवर बसलेली नव्हती, हे मला माहीत होतं. लहानपणी देवळाबाहेरून ऐकायची, लग्नानंतर तेही नाही. डोंगरावरचे सरपंच विचार करून म्हणाले, ‘ह्ये बराबर हाय. काकूंची काय अडचन न्हाय.’ गुरुजींनी मुद्दा तपासल्यासारखी मान हलवली. सरपंचबाई म्हणाल्या, ‘बसा हो काकू पटकन. माझी दुपारची गाडी आहे.’

आत्याने पदर सारखा केला, चष्मा पुसला, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्या डोहाळजेवणाच्या खुर्चीत जाऊन बसली. मोगऱ्याच्या माळा तिच्या खांद्यांना लागत होत्या. क्षणभर तिने सोनेरी हातांवर नुसते तळवे ठेवले. मग पाठ ताठ झाली. ‘नमस्कार,’ ती म्हणाली, आणि पस्तीस वर्षांचा आवाज परत आला, ‘आता सगळे बसा. एका वेळी एकच लाइन चालू राहील.’

त्यानंतरची सभा मी पाहिलेली सर्वांत शिस्तीची सभा होती. गुरुजींनी भाषण काढलं. आत्या म्हणाली, ‘होल्ड करा हं, आधी खाडीकाठ.’ डोंगरावरचे सरपंच आबांना मध्येच तोडू लागले. ‘लाइन बिझी आहे.’ केंद्र कुठे बांधायचं यावर पुन्हा आवाज चढले तेव्हा सरपंचबाईंनीच सुचवलं की चारही वेशी जिथे मिळतात त्या माळावर बांधा. म्हणजे तिथेच, जिथे पालख्या टेकल्या नव्हत्या. त्यावर आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. शेवटी म्हणाले, ‘माळ रिकामाच हाय तसा.’ मग पहिली सही कुणाची हा प्रश्न आला. आत्याने माझ्याकडून कागद मागून घेतला, उलटासुलटा फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘ह्याला चार कोपरे आहेत.’ प्रत्येक गावाने एका कोपऱ्यात सही केली. कागद मधोमध धरून मी फिरवत होते, त्यामुळे कुठला कोपरा वरचा हे अजूनही कुणाला सांगता येणार नाही. तालुक्याच्या साहेबांनी म्हणे तो कागद बराच वेळ गोल गोल फिरवला आणि शेवटी शिक्का मध्यभागी मारला.

एकला दहा कमी असताना दारात बी विंगच्या बायका ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे ती मुलगी, हिरव्या साडीत अवघडलेली. आत्या लगेच उठली. चौघांनीही आपापल्या सत्कारासाठी नारळ आणले होते. सत्कार कुणाचाच झाला नव्हता. आबांनी आपला नारळ सरपंचबाईंच्या हातात दिला. ‘घाला हिच्या ओटीत. तेवढाच कामी येल.’ मग राहिलेले तिघंही आले. त्या मुलीच्या ओटीत चार गावांचे चार नारळ पडले आणि तिला काहीच न कळून ती सगळ्यांच्या पाया पडली.

पुढे काम फार भराभर झालं असं नाही, पण झालं. पहिले काही महिने आत्याचा फोन सतत वाजत असे. गुरुजी डोंगरावरच्यांची तक्रार करत, डोंगरावरचे आबांची, आणि आत्या दोघांना जोडून देऊन भाजी चिरायला जात असे. मग फोन कमी झाले. चौघं आता एकमेकांना परस्पर फोन करतात, अशी बातमी आली. ‘चांगलंच आहे की,’ आत्या म्हणाली. डायरीतल्या सहाही बाणांवर तिने हिरवी रेघ मारली आणि मग दिवसभर तिला काय करावं ते सुचेना. केंद्राचं उद्घाटन झालं तेही आम्हाला मोबाइलवरच्या फोटोवरून कळलं. मांडव, फीत, चौघं एका ओळीत. आत्याला बोलावणं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने केलं असेल. मला इतका राग आला की मी चक्क मोठ्याने बोलले. आत्या फोटो मोठा करून करून बघत होती. ‘चौघं मिळून विसरले,’ ती म्हणाली. ‘बघ, एकमत झालं शेवटी.’ आणि हसली. पण फोटो तिने बराच वेळ खाली ठेवला नाही.

यंदाच्या मे महिन्यात मी रजा काढली आणि तिला घेऊन गेले. कुणाला कळवलं नाही. तिनेच नको म्हटलं. माळावर लांबट शेड उभी आहे, हिरव्या पत्र्याची. बाहेर उन्हात आमसुलं वाळत घातलेली, ओळीच्या ओळी. रस्ता कोरडा होता. आत पंचवीस-तीस बायका दोन रांगांत बसून रातांबे फोडत होत्या, साली एकीकडे, गर एकीकडे, आणि बोलणं अखंड. कोण कुठल्या गावची ते पाहून सांगता येत नव्हतं. आत्या दारात थांबली. मी तिला कधी दारात थांबलेली पाहिली नव्हती. ती एरवी आत शिरूनच बेल वाजवते.

दाराजवळची मुलगी, विशीतली, हातातली पाटी खाली ठेवून उठली. ‘कोन पायजे? कोनाच्या तुमी?’

गावात हा पहिला प्रश्न असतो. आत्याने आपल्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. मुलीने मान हलवली, ठाऊक नाही. आत्याने घराची खूण सांगितली. ते घर पडून तिथे आता दुसऱ्याची काजूची बाग आहे, असं मुलगी म्हणाली. ज्या बाईने उभ्या मुंबईला एकमेकांची ओळख करून दिली, तिला स्वतःची ओळख सापडेना. तिने चष्मा काढला, परत घातला, आणि आत दिसणाऱ्या त्या रांगांकडे बघत राहिली.

‘माझी आत्या आहे,’ मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. ‘आनि तू गो कोनाची?’

‘मी हिची.’

तिला एवढं पुरलं. पाटी उचलून तिने वाट मोकळी केली. ‘मग भायेर का उभ्या? या की आत. चपला तेवड्या हितंच काडा.’